गुरुवारचे कपडे

मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर, समर्थभाऊ, तुम्हीच सांगा — मोबाइलवर लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर, समोरच्या दुकानातल्या दत्तोबावर, की माझ्यावर? नाही, उठू नका, बसा. पंखा वळवतो तुमच्याकडं. चहा सांगितलाय, येईल. बावीस वर्षं झाली या दुकानाला, डांगे चौकात कुणालाही कादरभाईचं मशीनचं दुकान विचारा, हात करून दाखवतील — आणि बावीस वर्षांत हे पहिल्यांदा बघतोय, की समोरच्यानं माल नाकारला म्हणून गिऱ्हाईक माझ्या पायरीवर आलं. नाकारला म्हणजे काय हो? तुम्ही पैसे घेऊन उभे, त्याच्याकडं ड्रायर उभा, आणि हा म्हणतो, न्हाई देत. थांबा, पुढचं मी सांगतो. आधी त्यानं चष्म्यावरून बघितलं असेल. मग विचारलं असेल, कामाला कुठं? तुम्ही सांगितलंत. मग, तिथं कुठल्या खात्यात? तेही सांगितलंत. मग मान हलवली, आणि हातातला पंप पुन्हा खोलायला लागला. झालं ना असंच? अहो, मला कसं माहीत म्हणजे — सोळा वर्षं तो माणूस याच दुकानात होता. तिथं, जिथं आता फ्रिज उभा आहे ना, तिथं त्याचं टेबल होतं. मी विचारलं का तुम्हाला, कामाला कुठं म्हणून? नाही विचारलं. विचारणारही नाही. माणूस ड्रायर घ्यायला आलाय, मुलगी बघायला नाही.

तुमची अडचण मला बरोबर कळली. बाळ पाच आठवड्यांचं, खोल्या दोन, खिडकीतून हात काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो. डायपरनं अंगावर पुरळ उठलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी लंगोट वापरा सांगितलं, आणि वर म्हणाल्या, ओलसर राहिलेला घालू नका. त्यांचं सांगून झालं! दिवसाला वीस-पंचवीस लंगोट, दोरी एकच, ती गॅसच्या डोक्यावरून गेलेली, म्हणजे बाळाच्या लंगोटाला फोडणीचा वास — हसू नका, माझी चार मुलं अशाच खोलीत मोठी झाली. ऑगस्ट आहे, दहा दिवस ऊन नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात इस्त्री फिरवा, बायको म्हणते तिसरा हात आणू कुठून. म्हणून तुम्ही ओव्हरटाइम करून पैसे साठवलेत. चांगलं केलंत. पुरुषाला बायकोचा तिसरा हात विकत आणावासा वाटतो, हे काही वाईट नाही.

पण ड्रायर म्हणजे तुम्हाला कोणता हवाय, ते आधी नक्की करा. हे विचारायचं राहिलं की घोटाळा होतो. आपल्याकडं अर्ध्या-ऑटोमॅटिक मशीनला दोन टब असतात, एक धुतो, दुसरा गरगर फिरवून पिळतो — त्या पिळणाऱ्यालाही आपण ड्रायरच म्हणतो. विजयश्री मॅडम म्हणून आहेत, शाळेत शिकवतात, त्यांनी फोनवर विचारलं, ड्रायर आहे ना हो त्याला? मी म्हटलं, आहे की. आठ दिवसांनी दुकानात आल्या, हातात ओला टॉवेल, इथं काउंटरवर टाकला आणि म्हणाल्या, हा तुमच्या ड्रायरमधून काढलाय, पुसा तोंड. मी खोटं बोललो का? नाही बोललो. खरं बोललो का? — तेच तर. तसंच ते बिल्डर लोकांचं. फ्लॅटमागं दोन बाय चारचा खोपचा काढतात, ड्राय बाल्कनी म्हणून सांगतात, आणि सगळ्या घरात ओल कुठं असेल तर तिथं. शब्दावर जाऊ नका. यंत्राच्या पोटात काय आहे ते बघा.

आता पोटातलं सांगतो. तीन जाती. एक पाइपवाला, गरम ओलसर हवा पाइपातून बाहेर फेकतो — तुम्हाला बाहेर म्हणजे समोरच्याची खिडकी, तो शिव्या घालेल, सोडून द्या. दुसरा टाकीवाला, कपड्यातलं पाणी आतल्या टाकीत जमवतो, ती ओतून टाकायची. तिसरा हीटपंपवाला, हाही टाकीत पाणी जमवतो पण कमी आंच, सावकाश काम, वीज निम्मी, किंमत जास्त. ताऱ्यांवर जाऊ नका, अहो, लोक खोकं उघडताना तारे देतात, पट्टा तुटल्यावर देतात का? दुकानदाराला एकच विचारायचं — पट्टा तुटला तर पुण्यात किती दिवसांत मिळतो? तो छताकडं बघायला लागला की उठायचं. मग ड्रम दोन्ही बाजूंनी फिरतो का बघायचं, एकाच बाजूनं फिरला की चादरीचा लाडू होतो. मग जाळी. ही बघा, ओढा, ओढा तुम्हीच — कपड्याची सगळी लव हिच्यात येऊन बसते. दर खेपेला काढायची, हातानं पुसायची, परत लावायची. कमरेत न वाकता हाताला येते की नाही ते बघा, कारण वाकावं लागलं की माणूस उद्यावर टाकतो. आणि जाडा प्लग, त्याला स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग असलेला. मिक्सरच्या पॉइंटवर लावलात तर मिक्सर राहील, पॉइंट नाही राहायचा.

हे सगळं मला कुणी शिकवलं? शाळेनं नाही, शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी खोक्यांवरून शिकलो. पिंपरीच्या मार्केटात हमाली करायचो, खोकं खांद्यावर असलं की अक्षरं बरोबर डोळ्यासमोर यायची. धिस साइड अप — माझं पहिलं इंग्रजी वाक्य. दुसरं, हँडल विथ केअर. त्यावर आख्खा धंदा उभा केला, राव. आणि यंत्राचं जे काही येतं ते — आता कबूल करायलाच पाहिजे — त्या समोरच्यानं शिकवलं. दत्तोबा औशाकडचा, लातूर जिल्हा. अक्षराशी त्याचं वाकडं, पण मशीनला कान लावला की सांगायचा, बेअरिंग गेलंय, पंधरा दिवस काढील. सोळाव्या दिवशी फोन यायचा. मी बोलायचो, तो बसवायचा. मी गिऱ्हाईक हसवायचो, तो त्यांना तो एक प्रश्न विचारून पळवायचा. भांडणं व्हायची आमची त्यावरून. मी म्हणायचो, दत्तोबा, तू मेकॅनिक आहेस का पोलिस? तो म्हणायचा, कादरभाई, कापडं कसली हायेत ते बघितल्याबिगर मशीन द्यायची न्हाई.

काय? — आमच्या घरी कोणता? 

चांगलं विचारलंत. हुशार आहात. बावीस वर्षांत चार-पाच जणांनीच विचारलं असेल हे. आमच्याकडं... आमचं घर देहूरोडला आहे, वर मोठी गच्ची आहे, वर पत्रा आहे, चार दोऱ्या, वारा असा की — नाही. आमच्या घरी ड्रायर नाही. बायको येऊ देत नाही. रहमतबी तिचं नाव. फुकट आणून देतो म्हटलं, डेमोचा पीस, तरी नाही. म्हणाली, ते यंत्र या उंबऱ्यातून आत आलं तर मी बाहेर जाईन. बायकांचं असतं काहीतरी. — असं मी सगळ्यांना सांगतो. बायकांचं असतं काहीतरी.

झालं काय, सहा वर्षांपूर्वी एका घरात थोडा प्रकार झाला. गिऱ्हाइकाची चूक होती, तसा कागद आहे माझ्याकडं, कंपनीच्या माणसाचा शिक्का आहे त्यावर. महाळुंग्यातले रंगराव. गावातलंच जुनं घर, वाड्या गेल्या, कारखाने आले, दाराच्या तिन्ही बाजूला कंपाउंडच्या भिंती. रंगराव तिथंच एका कारखान्यात, मशिनवर उभं राहून काम. घरी आई, गोजाबाई, आणि ते — बायको वारलेली. कपडे धुणारी ती सत्तरीची म्हातारी. त्यांना ड्रायर हवा होता तो युनिफॉर्मसाठीच. चार जोड. आठवडाभर वापरायचे आणि गुरुवारी सगळे एकदम धुवायचे, कारण गुरुवारी सुट्टी, तुम्हाला माहीत आहे, आपल्या सगळ्या पट्ट्याचा रविवार गुरुवारी असतो. आणि गुरुवारीच काय असतं? बरोबर — कारखाने बंद म्हणून वीजवाले त्याच दिवशी दुरुस्तीला लाईट घालवतात. म्हणजे ज्या दिवशी कपडे, त्याच दिवशी अंधार. मला सुचलं नाही हे. खोटं बोलतो. दत्तोबाला सुचलं होतं, त्यानं मला सांगितलंही होतं.

त्याचं म्हणणं असं, की मशिनवर जे तेल उडतं, कूलंटचं, कटिंगचं, ते धुतल्यानं जात नाही. मळ जातो, तेल धाग्याच्या आत राहतं. मी हसलो होतो. तर त्यानं काय करावं — एका गिऱ्हाइकाचा धुतलेला, खडखडीत वाळलेला शर्ट आणला, पांढराशुभ्र दिसत होता, या काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शर्ट ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली. शर्ट उचलला तर कागदावर तेलाचा नकाशा. बाह्या, पोट, सगळं उमटलेलं. म्हणाला, आता ह्ये ड्रायरमधी घाला, घंटाभर तापवा. फिरतंय तवर ठीक. शेवटची धा मिन्टं मशीन गरम करत न्हाई, नुसतं फिरवून गार करतंय — ती धा मिन्टं व्हायच्या आत लाईट गेली की गरम तेलकट कापडाचा ढीग आत बसतो. बसल्या बसल्या तापतो. त्याला काडी लागत न्हाई. 

मला सगळं माहीत होतं, समर्थभाऊ. इस्त्रीसुद्धा माझ्याच दुकानातली होती.

चहा घ्या, गार होतोय. साखर कमी असेल तर सांगा.

तर त्या दिवशी दत्तोबा गावाला गेलेला, चुलत्याच्या तेराव्याला. रंगराव म्हणाले आजच पाहिजे. महिना मंदीचा, पीस दोन वर्षं पडून. मी स्वतः टेम्पोत बसून गेलो, स्वतः बसवला, एवढं येतं मला. अंगणात तारेवर ते चार युनिफॉर्म लटकत होते. निळे. बाह्यांना काळसर कड, आणि वास — तो वास एकदा नाकात बसला की जन्मात विसरत नाही, गोडसर, गंजासारखा. मी तारेखालून वाकून गेलो. डोक्याला बाही लागली माझ्या. मी डोकं पुसलं आणि म्हटलं, मावशी, आता पावसाची काळजी मिटली. एवढंच बोललो. गोजाबाईंनी चहा केला, गुळाचा, इतका चांगला की मी दुसऱ्यांदा मागून घेतला. रंगरावांनी विचारलंच नाही काही. त्यांनी विचारलं असतं तर — बघा, मी सहा वर्षं हेच धरून बसलोय, की त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारलं नाही त्यांनी. आणि मी, आयुष्यभर न विचारता बोलणारा माणूस, त्या दिवशी विचारायची वाट बघत बसलो.

दुकानात येऊन कार्ड भरलं. बसवल्याचं कार्ड असतं, कंपनीला पाठवायचं त्याच दिवशी. त्यात चौकोन असतात — अर्थिंग तपासली, जाळी दाखवली, कोणते कपडे घालू नयेत ते ग्राहकास समजावून सांगितले. चौकोनात बरोबरची खूण करायची. मी अकरा चौकोनांत अकरा खुणा एका दमात केल्या, पेन वर न उचलता म्हटलं तरी चालेल. आणि खाली मेकॅनिकची सही. दत्तोबाला सही करायला पाच मिनिटं लागायची, जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर, म्हणून त्याच्या सह्या मीच करायचो, वर्षानुवर्षं, त्याच्या देखत, तो चहा पीत बसलेला असायचा, म्हणायचा, माझ्यापेक्षा तुमालाच माझी सही झकास येती. ती सही मी केली. त्या दिवशी तो औशाला होता.

नवव्या का दहाव्या गुरुवारी झालं. लाईट गेली, ड्रम थांबला. रंगराव चाकणला गेलेले सामान आणायला. म्हातारीला वाटलं झाले कपडे. तासाभरानं वास आला, फटीतून धूर. आता धूर दिसल्यावर माणूस पळतो ना हो? ती पळाली नाही. पोराचे युनिफॉर्म जळतील म्हणून तिनं मशीनचं दार उघडलं. दार उघडलं की हवा मिळते — भडकाच उडाला. आणि तरी तिनं हात घातले. दोन्ही. चारातले दोन शर्ट बाहेर काढले तिनं. शेजारच्यांनी गोधडी टाकून विझवलं.

नाही, वाचली. आहे अजून. हात आहेत, बोटं आहेत, पण बोटं मिटलेली आहेत, अशी — बघा, अशी. कातडी ओढून बसली. 

मी गेलो ना दवाखान्यात. मोसंबी घेऊन गेलो, रहमतबीला बरोबर घेऊन गेलो. हाताला कोपरापर्यंत पट्ट्या, आणि मी मोसंबी घेऊन उभा. ती माझ्याकडं बघून काय म्हणाली माहीत आहे? मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो, उत्तरं पाठ होती माझी. ती म्हणाली, "कादरशेट, तुमी सांगितलं आसंल वो समदं. आमीच अडाणी, माझ्याच ध्यानात न्हाई राह्यलं. तुमच्या मशीनीला उगं बट्टा लागला." बिछान्यावरून माफी मागत होती माझी. आणि मी — दोन शब्द होते माझ्याकडं त्या वेळी, नाही मावशी, एवढेच — मी म्हटलं, "हो मावशी, सांगितलं होतं."

रहमतबी मोसंबी सोलून एकेक फोड तिच्या तोंडात घालत होती. तिचा हात थांबला. रिक्षात म्हणाली, कधी सांगितलं होतं? मी म्हटलं, अगं, सांगितलं असेल. ती म्हणाली, त्या दिवशी घरी येऊन तुम्ही खूश होतात, म्हणालात गिऱ्हाईक एका शब्दात पटलं, चहासुद्धा काय होता म्हणून सांगू. एका शब्दात काय काय सांगितलंत? — त्यानंतर आजपर्यंत तो विषय नाही. फक्त महिन्यातून एकदा ती महाळुंग्याला जाते, भाकऱ्या करून देते, भाजी चिरून ठेवते, म्हातारीचे केस विंचरते, परत येते. मला विचारत नाही चला म्हणून. आणि गच्चीत चार दोऱ्या आहेत.

मग कंपनीचा माणूस आला चौकशीला. बसा म्हटलं, कार्ड काढलं, पुढं ठेवलं. त्यानं बोट ठेवलं त्या चौकोनावर, समजावून सांगितले, आणि दत्तोबाला विचारलं — तो तिथंच, फ्रिजच्या जागेवर, टेबलाशी उभा — ही सही तुमची? दत्तोबानं चष्मा लावला. कार्ड जवळ नेलं. तारीख वाचायला येते त्याला, आकडे येतात. त्या तारखेला तो कुठं होता ते त्याला माहीत, मला माहीत. मी कशाकडं बघत होतो? त्या मोठ्या पंख्याच्या खोक्याकडं. हँडल विथ केअर. तो म्हणाला, "व्हय, माझीच हाय." फाइल मिटली. सूचना दिल्या होत्या, गिऱ्हाइकानं पाळल्या नाहीत. रंगरावांना भरपाई नाही, कंपनीला ठपका नाही, मला ठपका नाही. माणूस गेल्यावर दत्तोबानं आपली हत्यारं पिशवीत भरली, एकेक पाना पुसून. मी म्हटलं, अरे, एवढं काय, बस. तो म्हणाला, "माझी सही तुमच्यापाशी राहू द्या. मला आता लागायची न्हाई." आणि गेला.

गेला म्हणजे किती लांब गेला? तीस फूट. मधे रस्ता. बरोबर माझ्या तोंडासमोर त्यानं गाळा घेतला. पुणं केवढं पडलंय, राव! भोसरी होती, तळवडे होतं, कुठंही जायचं होतं. मी सकाळी शटर वर केलं की समोर तो, रात्री खाली केलं की समोर तो. शिवी देत नाही, बोलत नाही, ईदला मी खीर पाठवतो ती भांडं धुऊन परत येते, खाल्ली की ओतली माहीत नाही. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला, मिक्सर घ्यायला आलेल्यालासुद्धा, तो तेच विचारतो, कामाला कुठं? मला ऐकू येईल इतक्या मोठ्यांदा. मुद्दाम करतो. सहा वर्षं. आणि तेलातला माणूस निघाला की माल देतच नाही. अरे, समजावून सांग ना, मग दे! तर म्हणतो, सांगितलं तरी लोक घालत्यात, घरात कोन बघाया येतंय. आणि मग ते गिऱ्हाईक जातं कुठं? माझ्याकडं येतं. तुम्ही पहिले असं म्हटलं ना मी मघाशी? तुम्ही पहिले नाही. तो पाठवत नाही, पण ते येतात. रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडं येतात, आणि दर वेळी मला ठरवावं लागतं. आता कळलं, तो तिथं का बसलाय?

किती जणांना दिले? — ते विचारू नका. जाळी दाखवली सगळ्यांना. तेलाचं सांगितलं, काहींना सांगितलं. घाई असते हो.

आणि तुम्ही. समर्थभाऊ, तुम्ही आत आलात, चप्पल पायरीखाली काढलीत, आणि शर्ट घरचा आहे तुमच्या अंगावर, स्वच्छ आहे, अंघोळ करून आलात. तरी ती पिशवी तुम्ही खुर्चीशेजारी ठेवलीत ना, डब्याची, तिच्यात युनिफॉर्म आहे. मला दारातच वास आला. गोडसर. तुम्ही नाव सांगायच्या आधी मला कळलं होतं तुम्ही कुठल्या खात्यात काम करता, आणि तरी मी पंखा वळवला, चहा सांगितला, आणि तुम्हाला म्हटलं, मी नाही विचारणार. अर्धा तास मी मोठेपणा सांगतोय, की मी काही तुम्हाला विचारलं नाही. त्या तारेखालून पुन्हा वाकून गेलो मी. आज. तुमच्या पाच आठवड्यांच्या बाळासमोरून.

तर विचारतो. नीट बसा. मोठ्यांदा विचारतो, जाऊ दे आवाज रस्त्यापलीकडं. कामाला कुठं, भाऊ?

— बरं.

आणि तिथं कुठल्या खात्यात?

— हं. गिअर ग्राइंडिंग. किती जोड? तीन. धुतात कोण? बायको. गुरुवारी. हो, गुरुवारीच.

ऐका आता. कागदावर इस्त्री फिरवून बघा आज घरी गेल्यावर, माझ्यावर भरवसा नको, त्याच्यावरही नको, कागदावर ठेवा. नकाशा उमटला की बायकोला बोलावून दाखवा, सासूबाईंना दाखवा. तुम्ही नसता तेव्हा दार त्या उघडणार. ड्रायर देतो मी तुम्हाला. हा हीटपंपवाला, आंच कमी, लंगोटाला पुरेल. पण आंच कमी आहे म्हणून युनिफॉर्म चालतो असं नाही. तो आत जायचा नाही, कधीच नाही, तो दोरीवर. गॅसच्या डोक्यावरची दोरी काढून खिडकीला बांधा, तीन जोडांना पुरते तेवढी. गुरुवारी मशीन लावायचं नाही. मधेच थांबलं तर कपडे लगेच बाहेर काढून पसरायचे, ढीग करायचा नाही. आणि धूर दिसला तर दार उघडायचं नाही — मेन बंद, बाळाला उचला, बाहेर. कपडे जळू देत. हे म्हणून दाखवा मला. नाही, लाजू नका, म्हणा. — कपडे जळू देत. हां. आता हेच घरी दोघींकडून म्हणवून घ्या.

हे कार्ड. चौकोन अकरा आहेत, आत्ता एकाही चौकोनात खूण नाही, बघून घ्या. उद्या मी स्वतः येतो बसवायला, एकेक गोष्ट तुमच्या बायकोला दाखवीन, तिला पटलं की खूण ती करील, मी नाही. आणि खाली मेकॅनिकची सही — थांबा, हे आत्ताच करतो, उद्यापर्यंत माझा मला भरवसा नाही. का-द-र. झाली. किती वाकडी आली बघा. स्वतःची सही करायची सवय नाही राहिली.

आणि ही वही. दोन रेघा मारून दिल्यात, मशीनच्या कडेला सुतळीनं टांगा. तारीख, काय कपडे घातले, जाळी पुसली का. तिघांनीही लिहायचं, तुम्ही, बायको, सासूबाई. लिहिता येत नसेल तर चित्र काढा म्हणावं. मी महिन्यानं बघायला येईन, दर महिन्याला येईन. नाही, चहा नको. तुमच्या घरी मी चहा घेणार नाही.

चला, उठा आता. माझं बोलून झालं. समोर तो पंप हातात घेऊन नुसताच उभा आहे कधीचा, त्याच्याकडं बघत बसू नका, सरळ घरी जा, बाळ वाट बघतंय. वहीचं तेवढं लक्षात ठेवा. एखाद्या पावसाळी रात्री दोरीवरचा युनिफॉर्म ओला असेल, सकाळी पहिली शिफ्ट असेल, आणि तुम्ही तो आत घालाल — घालाल हो, मी माणसं ओळखतो — तर तेही लिहा, युनिफॉर्म घातला म्हणून. जाळी पुसायची राहिली तर रकाना कोरा सोडा. आख्खं पान कोरं दिसलं तरी मी काही म्हणणार नाही, समर्थभाऊ. पण हिशोब खरा ठेवा. न केलेल्यासमोर खूण करू नका.